विश्लेषण : ‘९८ टक्के अचूक’ म्हणजे नेमके किती? अव्वल खेळाडू परिपूर्ण खेळाच्या किती जवळ पोहोचतात?

मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव संपला, की काही सेकंदांत पडद्यावर आकडा झळकतो : अचूकता ८७ टक्के. खाली हिरव्या, पिवळ्या, लाल खुणा. कुठे चुकलात, कुठे उत्तम खेळलात, सगळे मांडलेले. हा आकडा आता इतका सवयीचा झाला आहे की जगज्जेतेपदाच्या लढती पाहतानाही आपण पटाकडे कमी आणि शेजारच्या पांढऱ्या-काळ्या पट्टीकडे जास्त पाहतो.

काही दिवसांपूर्वी एका शालेय स्पर्धेच्या सभागृहाबाहेर ऐकलेला संवाद डोक्यातून जात नाही. आईच्या हातात फोन. ‘‘अरे, काल ब्याण्णव होतं, आज चौऱ्याहत्तरच कसं?’’ मुलगा कसाबसा म्हणाला, ‘‘पण मी जिंकलो ना!’’ आईचे लक्ष अजून आकड्याकडेच होते.

त्या मुलाचा मुद्दा बरोबर होता, असे मला वाटते. मात्र तो का बरोबर, हे समजून घ्यायचे तर आधी एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. जगातले सर्वोत्तम खेळाडू परिपूर्ण खेळाच्या किती जवळ असतात? आणि ते अंतर मोजायचे कशाने?

‘परिपूर्ण’ खेळ म्हणजे काय?

फुली-गोळा आठवा. दोघांनीही नीट खेळले तर डाव कायम बरोबरीत सुटतो, हे दहा वर्षांच्या मुलालाही दोन दिवसांत कळते. म्हणजे या खेळाचे ‘खरे उत्तर’ बरोबरी आहे. बुद्धिबळ, चेकर्स, ‘गो’ यांसारख्या खेळांत फासे नसतात आणि काही लपलेलेही नसते. त्यामुळे तिथेही पटावरच्या प्रत्येक स्थितीचे एकच खरे उत्तर असते : विजय, पराभव किंवा बरोबरी. जर्मन गणिती अर्न्स्ट झरमेलो यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळाच्या संदर्भात या विचाराचा पाया घातला.

या व्याख्येनुसार परिपूर्ण चाल कोणती? जी हातातला निकाल बिघडवत नाही ती. जिंकणाऱ्या स्थितीतून विजय टिकवणारी, बरोबरीच्या स्थितीतून बरोबरी टिकवणारी. ती देखणी असण्याची गरज नाही, आणि एकच असण्याचीही नाही. एका स्थितीत दहा परिपूर्ण चाली असू शकतात, दुसरीत फक्त एक.

अडचण इतकीच की हे खरे उत्तर फार थोड्या खेळांचे माहीत आहे. चार सोंगट्या ओळीत लावण्याचा ‘कनेक्ट फोर’ १९८८ मध्ये सुटला. तिथे अचूक खेळल्यास पहिला खेळाडू जिंकतो. बुद्धिबळ अजून सुटलेले नाही. दोघेही अचूक खेळले तर बरोबरी होईल, असा बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे, पण सिद्धता नाही.

जिथे उत्तर माहीत आहे, तिथे माणूस कुठवर पोहोचला?

चेकर्स हा माणसाच्या मोजमापासाठी सर्वात चांगला खेळ. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये ‘चिनूक’ या संगणक प्रोग्रॅमवर काम सुरू केले. २००७ मध्ये त्यांच्या चमूने ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की चेकर्स सुटला आहे आणि निर्दोष खेळाचा निकाल बरोबरी आहे. या खेळातील संभाव्य स्थितींची संख्या सुमारे ५ वर २० शून्ये इतकी.

त्याआधी चिनूकच्या वाटेत एक माणूस उभा होता. फ्लोरिडातील गणिताचे प्राध्यापक मॅरियन टिन्सली. चार दशकांहून अधिक काळात ते हरलेले डाव बोटांवर मोजता येतील इतकेच. १९९२ मध्ये लंडनमध्ये चिनूकविरुद्ध त्यांनी जगज्जेतेपद राखले : ४ विजय, २ पराभव आणि तब्बल ३३ बरोबरी. १९९४ मध्ये बोस्टनमध्ये पुन्हा लढत झाली. सहाही डाव बरोबरीत सुटले आणि टिन्सली यांना प्रकृतीमुळे माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

खेळ सुटण्याच्या १३ वर्षे आधी, सातत्याने सुधारत असलेल्या यंत्रासमोर एक आजारी माणूस सहा डाव अभेद्य राहिला. कोणत्याही मोठ्या पटखेळात माणूस परिपूर्णतेच्या सर्वात जवळ कुठे पोहोचला असे विचारले, तर माझे उत्तर टिन्सली हेच असेल. चेकर्सची रचनाही त्यांच्या बाजूने होती, हे खरे. मारण्याची संधी असेल तर मारावेच लागते, त्यामुळे पर्याय कमी. शिवाय बरोबरीला भरपूर जागा.

बुद्धिबळात अशी परीक्षा घेता येते का?

पूर्ण डावाची नाही, पण शेवटाची घेता येते. पटावर राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले, की प्रत्येक स्थितीचे उत्तर संगणकाने काढून ठेवलेले आहे. सात मोहऱ्यांच्या या कोष्टकात सुमारे ४२३ लाख कोटी स्थिती आहेत. त्यातील काहींमध्ये मात करायला ५०० हून अधिक चाली लागतात. माणसाला त्यातल्या अनेक चालींचा हेतूही कळत नाही.

या कोष्टकांच्या सुरुवातीच्या काळातला एक किस्सा बोलका आहे. राजा आणि वजीर विरुद्ध राजा आणि हत्ती, ही स्थिती वजीरवाल्याने जिंकायची, असे पुस्तके शेकडो वर्षे सांगत होती. १९७७ च्या सुमारास केन थॉम्पसन यांच्या संगणकाने हत्तीच्या बाजूने निर्दोष बचाव करून दाखवला. अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी वजीर घेऊन पैज लावली. अचूक खेळल्यास कठीणातल्या कठीण स्थितीतही ३१ चाली पुरतात. ब्राउन यांना ५० चालींच्या मर्यादेत जमले नाही. त्यांनी अभ्यास केला, पुन्हा बसले आणि बरोबर ५०व्या चालीला जिंकले.

पटावर अवघे चार मोहरे. समोर देशाचा आघाडीचा खेळाडू. तरीही ३१ च्या जागी ५०. पण दुसऱ्या बाजूने पाहा. जिंकणारी स्थिती होती आणि शेवटी त्यांनी जिंकली. निकालाच्या व्याख्येने ते उत्तीर्ण, कार्यक्षमतेच्या व्याख्येने सपशेल मागे. अंतर किती, हे कोणती पट्टी लावता त्यावर ठरते.

मग अ‍ॅप कोणती पट्टी लावते?

तिसरीच. अ‍ॅपला खरे उत्तर माहीत नसते. ते स्टॉकफिशसारख्या इंजिनाला विचारते. इंजिन प्रत्येक स्थितीला गुण देते, प्याद्याच्या शंभराव्या भागापर्यंत. तुमच्या चालीने हे गुण किती घसरले, हे मोजून, सरासरी काढून, एका सूत्रातून टक्केवारी तयार होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकवतात की कोणतेही मोजमाप वाचण्याआधी उपकरणाची मर्यादा पाहा. इथे तीन मर्यादा आहेत.

पहिली, मोजपट्टी स्वतःच अंदाज आहे. वेगळे इंजिन, जास्त वेळ, वेगळे सूत्र घेतले की आकडा बदलतो.

दुसरी, आकडा डाव किती कठीण होता हे सांगत नाही. बर्लिन बचावात दोन्ही खेळाडू पाठ केलेल्या चाली खेळून चौदाव्या चालीच्या आसपास बरोबरी घेऊ शकतात. अचूकता जवळजवळ शंभर! विचार मात्र शून्य. उलट दोघे धारदार स्थितीत तासभर झुंजले तर आकडा घसरतोच. चौऱ्याहत्तरवाला मुलगा कदाचित असाच डाव खेळला असेल.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची मर्यादा म्हणजे बुद्धिबळातली बरोबरी. ती रुंद रस्त्यासारखी असते. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे गेलात तरी रस्ता सुटत नाही. इंजिन म्हणते की गुण ३० ने घसरले, पण खरे उत्तर तेव्हाही बरोबरीच असू शकते. म्हणजे अ‍ॅपने पिवळी खूण केलेली चाल कठोर व्याख्येत परिपूर्ण असू शकते.

दुबईतील दोन आठवडे काय सांगतात?

२०२१ च्या अखेरीस दुबईत मॅग्नस कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. तिसरा डाव बरोबरीत सुटला. इंजिनाच्या मोजणीनुसार, जगज्जेतेपदाच्या इतिहासातील सर्वात अचूक डाव म्हणून त्याची नोंद झाली. सरासरी चूक प्याद्याच्या काही शतांशांची.

मग आला सहावा डाव. १३६ चाली, पावणेआठ तासांच्या आसपास खेळ, जगज्जेतेपदाच्या इतिहासातील सर्वात लांब डाव. कार्लसन जिंकला. त्यानंतर नेपोम्नियाची कोसळला. नवव्या डावात त्याने २७व्या चालीला एक प्यादे पुढे ढकलले आणि कार्लसनने प्याद्याच्याच एका चालीने त्याचा उंट कोंडला. क्लबमधला सामान्य खेळाडूही सहसा करणार नाही अशी ही चूक होती. लढत ७.५-३.५ अशी संपली.

खेळाडू तोच. तिसऱ्या डावापासून नवव्यापर्यंत दहा दिवसही गेले नव्हते. मग तो परिपूर्णतेच्या जवळ की दूर? दोन्ही. माणसाचे अंतर बहुतेक वेळा चालींच्या दर्जात दिसत नाही, ते सातत्यात दिसते. त्याची उत्तम चाल यंत्राच्या बरोबरीची असते, पण तीच गोष्ट शंभर वेळा, दमलेल्या डोक्याने, काल हरल्याची सल घेऊन करणे त्याला जमत नाही.

९९ टक्के पुरेसे का नाहीत?

साधा हिशोब करू. समजा, एखादा खेळाडू प्रत्येक चालीला ९८ टक्के वेळा निकाल न बिघडवणारी चाल शोधतो. ४० चालींचा डाव चूक न करता पूर्ण होण्याची शक्यता किती? ०.९८ ला स्वतःशी ४० वेळा गुणा. उत्तर सुमारे ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त डावांत किमान एक गंभीर चूक. ९९ टक्क्यांवर हा आकडा ६७ होतो. ९९.९ वर जवळपास ९६.

खरा खेळ इतका सरळ नसतो. काही चाली उघड असतात, काही स्थितींत एकच वाट असते. तरी मुद्दा स्पष्ट होतो. ९८ आणि ९९.९ यांच्यातला फरक पडद्यावर दोन टक्क्यांचाही नाही. पटावर मात्र तो निम्मे डाव वाचण्याचा आणि जवळपास सगळे वाचण्याचा फरक आहे. यंत्र माणसाला हरवते ते असे. दरवेळी काही चमत्कार करून नव्हे, तर पुन्हा पुन्हा अरुंद वाटेवर आणून. माणूस नऊ वेळा तोल सांभाळतो, दहाव्यांदा पाय घसरतो.

आणि काही वाटा तर माणसाला दिसतच नाहीत. २०१८ च्या लंडनमधील लढतीत सहाव्या डावात फॅबियानो कारुआनाकडे कार्लसनविरुद्ध विजयाचा मार्ग होता. नॉर्वेतील एका महासंगणकाने तो दाखवला. त्यात स्वतःचाच घोडा कोपऱ्याजवळ कोंडून घ्यायचा होता. गॅरी कास्पारोव्ह यांनी तेव्हा म्हटले, त्याचा आशय असा की कारुआना ते खेळला असता तर लगेच त्याच्या तपासणीची मागणी झाली असती. त्या लढतीतील १२ ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, दोघेही निर्दोष. प्रत्यक्षात एक विजय हातातून निसटला होता.

‘गो’मध्ये अंतर का लपत नाही?

बुद्धिबळात बरोबरी अंतरावर पांघरूण घालते. ‘गो’मध्ये हे पांघरूण नाही. तिथे व्यापलेल्या प्रदेशाचे गुण मोजतात आणि दुसऱ्या खेळाडूला भरपाई म्हणून साडेसहा किंवा साडेसात गुण मिळतात. अर्ध्या गुणामुळे बरोबरी जवळपास संपते. प्रत्येक शिथिल चाल हिशोबात येते.

२०१६ मध्ये सोलमध्ये ‘अल्फागो’ने ली सेडॉलला ४-१ असे हरवले. पुढच्या वर्षी अव्वल क्रमांकाचा चीनचा के जिए ०-३ ने हरला. जानेवारी २०१८ मध्ये टेन्सेंट कंपनीच्या ‘फाइन आर्ट’ने पटावर के जिएचे दोन खडे आधीच मांडू देऊनही त्याला नमवले. गावाकडच्या शर्यतीत धाकट्याला चार पावले पुढून पळायला सांगतात, तसा हा प्रकार. ती सवलत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरली नाही. आणि ‘फाइन आर्ट’ हेही परिपूर्ण नव्हते. म्हणजे खरे अंतर त्याहूनही जास्त.

पण इथेच आशेची बाजूही आहे. व्यावसायिक ‘गो’ खेळाडूंनी १९५० ते २०२१ या काळात खेळलेल्या ५८ लाखांहून अधिक चालींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक दशके जवळपास स्थिर असलेला चालींचा दर्जा यंत्रे पुढे गेल्यानंतर स्पष्टपणे वाढला. केवळ यंत्राची नक्कल करून नव्हे. खेळाडू नव्या, पूर्वी न खेळलेल्या चालीही जास्त खेळू लागले.

यंत्र तरी परिपूर्ण आहे का?

नाही. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेचा हौशी खेळाडू केलिन पेलरिन याने ‘काटागो’ या बलाढ्य ‘गो’ प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावांत हरवले. यंत्राची एक उणीव दुसऱ्या संगणकाने शोधली होती, पेलरिनने ती शिकून घेतली. एका मोठ्या समूहाभोवती हळूहळू कडे आवळायचे आणि मध्येमध्ये कोपऱ्यांत लक्ष वेधायचे. माणसाला सहज दिसणारा वेढा यंत्राला दिसला नाही. ज्या पट्टीने आपण माणसांना मोजतो, ती पट्टीही कुठेतरी वाकडी आहे, हे यातून कळते.

मग या आकड्याचे करायचे काय?

हा वाद केवळ गणिताचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये डिंग लिरेनने शेवटच्या, चौदाव्या डावात ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. हत्ती आणि उंट यांची अदलाबदल अटळ झाली आणि १८ वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता ठरला. काही सेकंदांत जगभरातले प्रेक्षक पट्टी पाहून हसले. ‘ही चूक मलाही दिसली,’ असे सांगणारे हजारो. ती त्यांना दिसली नव्हती, इंजिनाला दिसली होती. डिंग तीन आठवडे खेळून, एक प्यादे कमी असताना बचाव करत होता. आणि गुकेशचे श्रेय? बरोबरीच्या स्थितीत त्याने खेळ थांबवला नाही, तासन् तास अरुंद वाट शोधायला लावली. अचूकतेच्या टक्केवारीत या चिवटपणाला रकानाच नाही.

दुसरा धोका संशयाचा. २०२२ मध्ये कार्लसन सेंट लुईसच्या स्पर्धेत हान्स निमनकडून हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. त्यानंतर समाजमाध्यमांवर निमनच्या जुन्या डावांची टक्केवारी पुरावा म्हणून फिरू लागली. चेस डॉट कॉमच्या ७२ पानी अहवालाने त्याच्या ऑनलाइन डावांवर गंभीर आक्षेप घेतले, पण पटावरच्या डावांत फसवणुकीचा निर्णायक पुरावा नसल्याचेही म्हटले. फसवणूक तपासण्यासाठी तज्ज्ञ संख्याशास्त्र वापरतात. त्यासाठी भरपूर डाव, स्थितींची कठीणता आणि खेळाडूचा स्तर पाहावा लागतो. एका डावाचा स्क्रीनशॉट त्यात काहीच सिद्ध करत नाही.

तिसरा धोका आपल्या घरातला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, निर्णय टायब्रेकरच्या जलद डावांत लागला. जलद डावांत वेळ कमी आणि चुका दोन्हीकडून होणारच. जिंकते ती, जी चुकीनंतर पुढची चाल शांतपणे शोधते. आज महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांत हजारो मुले तिच्याकडे पाहून पट मांडत आहेत. त्यांना रोज टक्केवारी विचारली, तर ती काय शिकतील? सोपे डाव निवडायला, लवकर बरोबरी घ्यायला, धोका टाळायला. आकडा वाढेल, खेळ वाढणार नाही.

इंजिन फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. ‘गो’च्या खेळाडूंनी त्याच्याकडून किती शिकता येते हे दाखवले आहे. पण क्रम बदलायला हवा. आधी मुलाने स्वतः डाव पाहावा : इथे मी काय विचार केला, दुसरी चाल का नाकारली, वेळ कुठे गेला. मग इंजिन उघडावे. आणि टक्केवारीऐवजी एकच प्रश्न विचारावा : निकाल नेमका कोणत्या चालीला बदलला?

अव्वल माणूस परिपूर्ण खेळाच्या किती जवळ, याचे माझे उत्तर असे : एका चालीपुरता अनेकदा तिथेच, एका डावापुरता कधीकधी, संपूर्ण लढतीत जवळपास कधीच नाही. टिन्सलीसारखा एखादाच अपवाद. खेळात रंगत आहे ती या अंतरामुळेच. दोघेही परिपूर्ण असते तर बुद्धिबळाचाही फुली-गोळा झाला असता.

त्या सभागृहाबाहेरचा मुलगा पुढच्या फेरीसाठी आत गेला, तेव्हा फोन आईकडेच राहिला. स्पर्धेच्या नियमानुसार तो आत नेता येत नाही. निदान डाव चालू असेपर्यंत तरी चौऱ्याहत्तरचा आकडा त्याच्यासोबत नव्हता.